माशासाठी हर्णै, कालवणासाठी मालवण

दोन-तीन दिवस हाताशी आहेत, बंदराजवळ बसून पोटभर मासे खायचेत, आणि हर्णै की मालवण हेच ठरत नाहीये? मग आधी एवढं ठरवा, की तुम्हाला मासा स्वतः निवडून खायचाय, की बसल्या जागी कुणीतरी मनापासून रांधलेलं वाढायला हवंय?

निवडायची हौस असेल तर दापोलीजवळच्या हर्णैला पर्याय नाही. दुपार कलली की लिलावाची गडबड सुरू होते. समोर सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या बोटी, आणि माल आणायला थेट पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या. वाळूवर कोळंबी, बांगडे, सुरमई, हलवा यांचे ढीग पडतात. लिलाव मात्र घाऊक असतो, घरच्यापुरते मासे घेणाऱ्यानं त्यात पडू नये. लिलावातून माल उचलून तिथेच वाटे लावून बसणाऱ्या बायका असतात, त्यांच्याकडून घ्यावं. कल्ला उचलून बघा, आतून लालभडक हवा. डोळा स्वच्छ नि फुगीर हवा, अंगावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. बांगडा शेपटीकडून आडवा धरला तर ताठ राहिला पाहिजे. कोळंबीचं डोकं लोंबत असेल तर पुढच्या वाट्याकडे वळा.

मासे घेतले की ते करून देणारी खानावळ लागते. हर्णै, मुरूड, कर्दे, आंजर्ले या पट्ट्यात घरगुती खानावळी बऱ्याच आहेत. आणलेले मासे करून देता का आणि करणावळ किलोवर की माणशी, हे बाजारात जाण्याआधीच फोनवर विचारून ठेवा. सहा-आठ जणांत हा प्रकार फार छान जमतो. दोघांनाच जायचं असेल तर नको. चार प्रकारचे मासे घेता येत नाहीत आणि करणावळही अंगावर येते. शिवाय साफसफाई, मसाला लावणं, तळणं यात जेवायला उशीर होतो, लहान मुलं तोवर पेंगतात. आणि बहुतेक ठिकाणी सगळ्या माशांना एकच मसाला लागतो, हे मला खरंच खटकतं.

मालवणात हीच बाजू भक्कम आहे. इथं निवड सुगरणीची. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे दाट तिखट कालवणात, तिरफळं पडतात (ती चावायची नाहीत, वासापुरती असतात, बाजूला काढायची), सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, ओल्या खोबऱ्याचं वाटप, आंबटाला सोलं, म्हणजे आमसुलं. तळलेल्या तुकडीवर रव्याचा खरपूस थर, सोबत भात, भाकरी किंवा वडे, आणि शेवटी सोलकढी. बंदराजवळ सिंधुदुर्ग किल्ला बघत जेवता येतं, ते सुंदरच आहे. पण निव्वळ चवीसाठी मी बाजारपेठेतल्या आणि वाड्यांतल्या छोट्या खानावळींना झुकतं माप देईन.

ताट मागवताना एक लक्षात घ्या. सुरमई थाळी आणि बांगडा थाळी यांच्या दरात फरक मोठा असतो, पण कालवण, भात, सोलकढी बहुतेकदा तीच असते. जास्तीचे पैसे त्या एका तळलेल्या तुकडीचे. म्हणून बसल्या बसल्या “आज काय ताजा इला?” असं विचारा. उत्तर बांगडा, सौंदाळे किंवा पेडवे असं आलं तर बिनधास्त तेच घ्या. आणि तळहाताएवढं पापलेट समोर आलं तर नको म्हणा, ही माझी कळकळीची विनंती. पापलेट 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. अंडी घालण्याआधीच पिल्लं ताटात येत राहिली, तर पुढे मोठं पापलेट मिळणार कुठून?

मुंबई-पुण्याहून हर्णै बरंच जवळ, शनिवार-रविवारात आरामात होतं. मालवणला निदान तीन दिवस काढा. रेल्वेनं जायचं तर हर्णैसाठी खेड, मालवणसाठी कुडाळ.

घरातली वयस्कर मंडळी सोबत असतील, किंवा कुणी पहिल्यांदाच मासे खाणार असेल, तर मालवणच. काटे कमी असलेली मोरी (लहान शार्क मासा) किंवा सुंगटं सांगता येतात, आणि वाळूत तासभर उभं राहावं लागत नाही.

जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा हर्णैला लिलावासाठी जाण्यात अर्थ नाही. मालवणात त्या दिवसांतही खाडीचे मासे, सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घालून केलेली कोरडी कोशिंबीर) असं काहीतरी चांगलं पानात पडतं. फक्त तेव्हा सुरमई मागू नका, ती बर्फातलीच असणार.