टुरिंगसाठी सजवलेली जुनी हिमालयन आणि माझे २,०७,२५० रुपये

जुनी गाडी विकताना मीटर मागे घेतात आणि अपघात लपवतात, हे सोलापुरात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. मलाही ते ठाऊक होते, म्हणूनच चारचौघांत हा विषय निघाला की कानशिले तापतात. परंतु लांब पल्ल्याच्या प्रवासाचे (टुरिंगचे) सामान आधीच लावलेली मोटारसायकल हा एक वेगळा सापळा आहे आणि त्याविषयी मला कोणीच सावध केले नव्हते. हौशी गिऱ्हाईक क्रॅश गार्ड (गाडी पडली तर वाचवणारी बाजूची नळी), संप गार्ड (इंजिनच्या तळाखालचा संरक्षक पत्रा), रॅक आणि जादा दिवे पाहून हरखते, आणि गाडीच्या नेमक्या ज्या जागा वाकून पाहायला हव्यात त्या जागा हेच सामान झाकून टाकते.

गाडी २०१९ सालची ४११ सीसीची रॉयल एनफिल्ड हिमालयन होती. पुढे २१ इंची चाक, १५ लिटरची टाकी, खडबडीत रस्त्यावरही चालणारी आणि महामार्गावरही तग धरणारी. सोलापूरहून विजयपूर, बदामी, हंपी करत पुढे किनाऱ्यापर्यंत जायचे ठरवले होते, त्यामुळे निवड चुकीची नव्हती आणि आजही मी ती चुकीची मानत नाही. मीटरवर १२,६४० किलोमीटर रनिंग दिसत होते. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याशी किंमत १,३२,००० रुपये ठरली. त्यांपैकी ५,००० रुपये टोकन म्हणून आणि उरलेले १,२७,००० रुपये गाडी ताब्यात घेताना यूपीआयने दिले. पैसे ज्या खात्यात गेले ते ना आरसीवरील मालकाचे होते, ना दुकानाचे. ‘घरचंच खातं आहे साहेब, मालक पुण्याला असतात,’ असे त्या व्यापाऱ्याने सांगितले. पैसे आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात द्यावेत, किंवा दुकानाच्या नावाचे बिल हातात पडल्याशिवाय देऊच नयेत.

आता जो क्षण मला आजही झोपू देत नाही त्याविषयी. मी मागच्या चाकाजवळ उकिडवा बसलो होतो. चेन नवी कोरी होती, स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे, दात भरलेले होते आणि दोन्ही टायरांवर नव्या रबराचे बारीक काटे अजून शाबूत होते. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. तेथे ३८२३ असे होते. म्हणजे टायर २०२३ सालच्या अडतिसाव्या आठवड्यातला होता, आणि मी हे वाचून उलट खूश झालो. व्यापारी म्हणाला, ‘आधीचा मालक लई हौशी होता, साहेब.’ वेळच्या वेळी तेल घातलेला चेनसेट (चेन आणि स्प्रॉकेट) बारा हजार किलोमीटरमध्ये सहसा संपत नाही. दोन्ही टायर आणि चेनसेट बदलावे लागले, याचा सरळ अर्थ गाडी त्याहून कितीतरी जास्त पळाली आहे असा होतो. पुरावा माझ्या नाकासमोर होता आणि मी त्याला निगा समजलो. पण विचार करा, नवे टायर पाहून संशय घेणारा माणूस किती जणांनी पाहिला आहे? जुने झिजलेले टायर पाहूनच आपण भाव पाडतो.

विम्याची पॉलिसीही हातात होती. मी मुदत आणि चेसिस नंबर तपासला. नो क्लेम बोनसच्या, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीच्या, रकान्यात शून्य होते, तिकडे लक्ष गेले नाही. पाच वर्षे जुन्या गाडीच्या पॉलिसीत तेथे शून्य असेल, तर एक तर अपघाताचा दावा झालेला असतो, किंवा पॉलिसी मध्ये खंडित झालेली असते, किंवा मालक नुकताच बदललेला असतो. या तिन्हींपैकी काहीही असले तरी प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्यानंतर त्याच व्यापाऱ्याने ‘टुरिंगची तयारी आपल्याच कारागिराकडून करून घेऊ’ असे सुचवले. संप गार्ड आणि क्रॅश गार्ड आधीच लावलेले होते, बाकीचा हिशेब असा: ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि रॅक २४,०००, जादा दिवे वायरिंगसह ६,५००, हँडल रायझर (हँडल उंच करणारा जोड) आणि हँडगार्ड ५,८००, उंच काच ३,२००, मजुरी ४,०००, एकूण ४३,५०० रुपये, सगळे आगाऊ. रॅक मागच्या फ्रेमच्या अमुक जागीच बसेल, असा त्याचा हट्ट होता. त्या हट्टाचे कारण पुढे कळले.

पेट्या भरून पहिल्यांदाच निघालो. भीमेचा पूल ओलांडून धुळखेडच्या पुढे गेलो आणि ताशी सत्तरच्या वेगाला गाडीचा मागचा भाग डोलू लागला. उजवी पेटी चार बोटे खाली आली होती. तसाच हळूहळू मागे फिरलो. सोलापुरातील एका जुन्या, विश्वासू मेकॅनिकने रॅकचा क्लॅम्प सोडला, तेव्हा त्याच्या बरोबर खाली फ्रेमच्या नळीला वेल्डिंगचा जुना सांधा निघाला. काळ्या रंगाखाली वेल्डिंगचे थेंब तसेच राहिले होते आणि सांध्याच्या कडेला केसाएवढी नवी चीर गेली होती. पडक्या भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून कॅलेंडर टांगावे, तसा तो रॅक लावलेला होता. संप गार्ड काढल्यावर खालची नळी चेपलेली दिसली आणि इंजिनच्या तळाशी एम-सीलचा थर दिसला. जादा दिव्यांची वायर ना रिले, ना फ्यूज, थेट बॅटरीला जोडलेली होती. रायझरसाठी बदललेले हँडलही हौसेचे नव्हते, कारण कोनसेट (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) ज्या रीतीने अडकत होता त्यावरून गाडी समोरून जोरात आपटली असावी, असे मेकॅनिकचे मत पडले. मीटरच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या होत्या. गाडी माझ्या नावावर झालेली असल्याने मी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबरवरून जुन्या नोंदी मागितल्या, तेव्हा शेवटची नोंद ३८,९१२ किलोमीटरची निघाली. मीटरचा अख्खा संचच दुसऱ्या गाडीचा होता. दुरुस्तीला ३१,७५० रुपये लागले.

गाडी पाहायला जाताना संप गार्ड काढून दाखवायला सांगा. चार बोल्ट असतात, दहा मिनिटांचे काम असते. विक्रेता ‘कशाला उगाच’ म्हणाला, तर तेथूनच माघारी फिरा.

यानंतरची कहाणी अधिक संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे ऐकवण्यात आले. अर्जाची पोच मागितली, तर ती देणारे साहेब बाहेर गेल्याचे सांगितले. पुन्हा गेलो तेव्हा दुकान दुसऱ्या हद्दीत असल्याचे कळले. दुसऱ्या ठाण्यात गेलो, तर पैसे पहिल्या हद्दीतून पाठवले असल्याने तिकडेच जा, असा सल्ला मिळाला. एका अंमलदाराने तर ‘तुम्ही स्वतः चालवून बघितली होती ना?’ असे विचारले, जणू होटगी रस्त्यावर एक फेरी मारली की फ्रेमची आतली चीर डोळ्यांना दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती गुन्हा कोठेही घडला असला तरी नोंदवून घ्यावी लागते आणि फसवून पैसे काढून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालील दखलपात्र गुन्हा आहे. हे कलम मी छापून नेले, तेव्हा ‘वकील आहात का?’ असा प्रश्न आला. मी वकील नाही. माझे पैसे गेले आहेत, एवढेच माझे म्हणणे होते. ठाण्यात कोणी ऐकत नसेल, तर तोंडी वाद घालत बसू नका. वरिष्ठांना टपालाने लेखी तक्रार पाठवा आणि टपालाची पावती जपून ठेवा.

व्यापारी सुटतो तो कागदावर. विक्रीच्या फॉर्मांवर मूळ मालकाची सही, खाते तिसऱ्याचे आणि दुकानाचे नाव कोठेच नाही. वास्तविक १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र घेणे अपेक्षित आहे. ते भिंतीवर लावलेले दिसते का, हे आधी पाहा.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही आणि तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असते. मूळ मालक, व्यापारी आणि खातेदार अशा तिघांनाही मी सामनेवाले (विरुद्ध पक्ष) केले आहे. व्यापाऱ्याशी संबंध जोडणारा माझ्याकडचा एकमेव धागा म्हणजे टोकन देण्याआधी आलेले त्याचे व्हॉट्सॲप संदेश आणि ४३,५०० रुपयांचा हिशेब लिहिलेली, दुकानाचे नाव नसलेली वहीची फाटकी चिठ्ठी, त्याच्याच हस्ताक्षरातली. सोलापुरात अशीच सजवलेली गाडी कोणी घेतली असेल, तर त्यांनी आपली चिठ्ठी टाकून देऊ नये आणि फोन बदलण्याआधी ते संदेश दुसरीकडे जतन करावेत.