स्टेक करण्याआधी विचारा: दंड कुणाच्या खिशातून जाणार?

स्टेकिंगवर, म्हणजे आपली क्रिप्टो नाणी नेटवर्कच्या सुरक्षेसाठी लावण्यावर, किती टक्के मिळतील, हे सगळेच विचारतात. व्हॅलिडेटरने (त्या नाण्यांच्या जोरावर व्यवहार तपासून सह्या करणाऱ्याने) घोळ घातला तर किती कापले जातील आणि कुणाचे, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इथेरियम, कॉसमॉस हब आणि कार्डानो या तीन ब्लॉकचेन नेटवर्कवर त्याची उत्तरं फार वेगळी आहेत.

इथेरियमवर स्वतःचा व्हॅलिडेटर चालवायला किमान 32 ईथर (तिथलं नाणं) लागतात. वीज गेली, नेट बंद पडलं, तर एरवी होणारी कपात किरकोळ असते. तेवढ्या वेळात जे मिळालं असतं, साधारण तितकीच. खरा दंड, म्हणजे स्लॅशिंग, बसतो तो परस्परविरोधी सह्या केल्यावर. त्यासाठी लबाडीच करावी लागते असं नाही. मुख्य मशीन बंद पडलं समजून सही करायची तीच गुप्त की घालून बॅकअप मशीन चालू करायचं, पहिलंही चालूच असतं, दोघांची वेगवेगळी मतं जातात, आणि संपलं. मे 2025 च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर हा सुरुवातीचा दंड 32 ईथरमागे 1 ईथरवरून जेमतेम 0.008 ईथरवर आलाय, पण व्हॅलिडेटरची हकालपट्टी टळत नाही. शिवाय आगेमागे सुमारे 36 दिवसांत इतरही स्लॅश झाले, तर प्रत्येकाचा दंड वाढत जातो. नेटवर्कवरच्या एकूण स्टेकचा एक तृतीयांश भाग असा सापडला, तर सगळेच्या सगळे ईथर जातात. म्हणूनच बहुतेक जण वापरतात तो क्लायंट (व्हॅलिडेटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाळा. त्यातल्या एका बगने हजारो व्हॅलिडेटर एकदम अडकू शकतात.

कॉसमॉस हबवर चूक व्हॅलिडेटरची असली तरी डेलिगेट करणाऱ्याचेही (आपली नाणी त्याच्यामागे लावणाऱ्याचेही) पैसे कापले जातात. डबल सायनिंगला, म्हणजे वर सांगितलेल्या परस्परविरोधी सह्यांना, 5 टक्के: 1000 ॲटम (तिथलं नाणं) ठेवले असतील तर 50 गेले, आणि तो व्हॅलिडेटर कायमचा बाद. ऑफलाइन राहण्याला फक्त 0.01 टक्के, मात्र तो जेलमध्ये (तात्पुरता कामाबाहेर) असेपर्यंत तुमचं उत्पन्नही बंद. पैसे सोडवायला 21 दिवस लागतात आणि आधीच्या गुन्ह्याचा दंड त्या दिवसांतही बसतो.

कार्डानोवर स्लॅशिंग नाहीच. तुम्ही नाणी लावलेला पूल (तिथला व्हॅलिडेटर) ढिला निघाला तर उत्पन्न घटतं, मुद्दल शाबूत राहते, ती अडकूनही पडत नाही.

मशीन स्वतः सांभाळणार असाल तर माझं मत इथेरियमला: चूक टाळणं तुमच्याच हातात राहतं. लक्ष ठेवायला वेळ नसेल तर कार्डानो घ्या. कॉसमॉस निवडलंत, तर कमिशनआधी व्हॅलिडेटरचा जेलचा इतिहास पाहा आणि रक्कम दोन-तीन जणांत विभागा.