एनीलॉजिक आणि ॲझ्युअर डिजिटल ट्विन्स : कारखान्याच्या गरजेतून केलेले परीक्षण

औद्योगिक सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत ‘सिम्युलेशन’ (संगणकावर मॉडेल चालवून ‘असे केले तर काय होईल’ हे तपासणे) आणि ‘डिजिटल ट्विन’ (खऱ्या यंत्राकडून येणाऱ्या माहितीने ताजी राहणारी त्याची संगणकीय प्रतिकृती) हे शब्द हल्ली एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि त्यामुळे एकाची गरज असलेल्या कारखान्याच्या गळ्यात पुष्कळदा दुसरेच पडते. म्हणून या परीक्षणासाठी दोन्ही प्रकारांतले एकेक उत्पादन घेतले आहे : सिम्युलेशनसाठी एनीलॉजिक आणि डिजिटल ट्विनसाठी मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर डिजिटल ट्विन्स ही क्लाउड सेवा. दोन्ही आपापल्या कामात उत्तम आहेत. मात्र एकाकडून दुसऱ्याचे काम करून घ्यायला निघालो, तर पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.

एनीलॉजिकची पहिली आवृत्ती २००० साली आली. डिस्क्रीट इव्हेंट (एकामागून एक घडणाऱ्या घटना मांडणारी), एजंट-बेस्ड (स्वतंत्रपणे वागणारे घटक मांडणारी) आणि सिस्टिम डायनॅमिक्स (साठे आणि प्रवाह मांडणारी) या मॉडेल करण्याच्या तिन्ही पद्धती एकाच मॉडेलमध्ये एकत्र वापरता येणे हे त्याचे सर्वांत मोठे बळ आहे. समजा, प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागातून, वेल्डिंग लाइनला भाग पुरवले जातात आणि मधल्या जागेत भरलेल्या ट्रॉल्या साचतात. अशा वेळी आणखी एक प्रेस घ्यावी, डाय (प्रेसमधला साचा) बदलण्याचा वेळ कमी करावा, की फोर्कलिफ्ट वाढवावी, हा प्रश्न लाखो रुपयांचा असतो. एनीलॉजिकमध्ये सोर्स, क्यू, डिले, सीझ, रिलीज, सिंक असे ठोकळे जोडून ही लाइन उभी करता येते, कन्व्हेअर, क्रेन आणि स्वयंचलित वाहने यांच्यासाठी मटेरियल हँडलिंगची स्वतंत्र लायब्ररी मिळते, आणि वर्षभराचे उत्पादन संगणकावर थोड्या वेळात चालवून पाहता येते.

हेच एक्सेलमध्ये का करू नये, असे अनेक प्लांट मॅनेजर विचारतात. सरासरी काढून केलेला हिशेब रांगेच्या बाबतीत हमखास फसवतो, हे त्याचे उत्तर आहे. एकच यंत्र आहे, कामे अनियमित अंतराने येतात आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळही तसाच अनियमित आहे, असे रांगशास्त्रातले सर्वांत साधे उदाहरण घेतले, तर यंत्र ८० टक्के वेळ व्यस्त असताना यंत्रावरचे आणि रांगेतले मिळून सरासरी ४ नग असतात. ९० टक्क्यांना ते ९ होतात आणि ९५ टक्क्यांना १९. यंत्राचा वापर ‘सुधारला’ म्हणून आनंद मानणाऱ्या कारखान्यात ट्रॉल्यांना जागा का पुरत नाही, हे या तीन आकड्यांवरून कळते. प्रत्यक्षातल्या लाइनवर ब्रेकडाउन, शिफ्ट बदलण्याचा वेळ आणि उशिरा येणारा माल यांची भर पडते. तेव्हा सूत्रे अपुरी पडतात आणि सिम्युलेशनला पर्याय उरत नाही. मात्र एकदाच मॉडेल चालवून मिळालेला आकडा कोणी सादर केला, तर तो स्वीकारू नये. यादृच्छिक आकड्यांवर चालणारे मॉडेल अनेकदा चालवून उत्तरांचा पसारा किती आहे, हे पाहावेच लागते. एनीलॉजिकमध्ये त्यासाठी प्रयोगांची वेगळी सोय आहे आणि ती अतिशय चांगली आहे.

या उत्पादनाची मर्यादा त्याच्या स्वरूपातच आहे. मॉडेल ज्या दिवशीच्या सायकल टाइमवर (एक नग तयार व्हायला लागणाऱ्या वेळेवर) आणि मांडणीवर बेतले, तो दिवस त्यात गोठलेला असतो. एक्सेल किंवा डेटाबेसमधून आकडे वाचता येतात, जावा ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा अभियंता त्याला थेट यंत्राच्या माहितीशीही जोडू शकतो. पण ती जोडणी आपली आपण लिहावी आणि सांभाळावी लागते.

ॲझ्युअर डिजिटल ट्विन्सची सुरुवात नेमकी दुसऱ्या टोकाकडून होते. डिसेंबर २०२० पासून सर्वांसाठी खुल्या असलेल्या या सेवेत प्रथम डीटीडीएल या वर्णनभाषेत आपल्या वस्तूंचे प्रकार लिहावे लागतात : प्रेस म्हणजे काय, तिचे गुणधर्म कोणते, ती कोणत्या लाइनचा भाग आहे, तिला वीज कोणत्या पॅनेलवरून मिळते. मग प्रत्येक खऱ्या यंत्रामागे एक नोंद तयार होते आणि या सर्व नोंदी परस्परसंबंधांच्या जाळ्यात गुंफल्या जातात. सेन्सरकडून येणारी माहिती आयओटी हब (उपकरणांची माहिती गोळा करणारी सेवा) आणि फंक्शन्स (छोटे प्रोग्राम चालवणारी सेवा) या ॲझ्युअरच्याच सेवांमार्गे या जाळ्यात शिरते आणि नोंदी बदलत राहतात. ‘या पॅनेलवर चालणाऱ्या आणि आत्ता मर्यादेपेक्षा जास्त तापलेल्या मोटारी कोणत्या’ असा प्रश्न एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेसारख्या भाषेत विचारता येतो. वेगवेगळ्या प्रणालींत विखुरलेली माहिती अशी नात्यांसह एकत्र येणे ही मेंटेनन्स विभागासाठी फार मोलाची गोष्ट आहे.

मात्र या सेवेत सिम्युलेशनचे इंजिन नाही. उद्या दुसरी प्रेस आणली तर काय होईल, हे ती सांगत नाही. जाळ्यात केवळ ताजी स्थिती राहते. जुन्या नोंदी हव्या असतील, तर डेटा एक्स्प्लोरर ही दुसरी सेवा जोडावी लागते. आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वी लक्षात घ्यावी : डीटीडीएल या भाषेत यंत्राला द्यायच्या आज्ञा मांडण्याची तरतूद असली, तरी मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांनुसार ही सेवा त्या आज्ञा हाताळत नाही. पंखा बंद करायचा असेल, तर तो मार्ग आपल्याला बाहेरून बांधावा लागतो.

इथे वर्नर क्रिट्झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेले वर्गीकरण उपयोगी पडते. माहितीची देवाणघेवाण माणसाच्या हातूनच होत असेल तर ते डिजिटल मॉडेल. यंत्राकडून माहिती आपोआप येत असेल, पण उलट दिशेने काही जात नसेल, तर ती डिजिटल शॅडो. आणि दोन्ही दिशांनी आपोआप वाहत असेल तरच डिजिटल ट्विन. या मोजपट्टीने एनीलॉजिकचे नेहमीचे मॉडेल पहिल्या प्रकारात बसते, आणि परतीचा मार्ग न बांधलेली ॲझ्युअरवरची मांडणी, सेवेच्या नावात ट्विन असूनही, दुसऱ्या प्रकारात राहते. शॅडो असणे हा दोष नव्हे. बहुतेक कारखान्यांना तेवढेच पुरेसे असते, आणि यंत्राला आपोआप आज्ञा जाऊ देण्यापूर्वी सुरक्षेचा विचार करणारा माणूस मध्ये असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंदाज देणारी मॉडेल्स आणि यंत्राची थेट माहिती या दोन्हींचा मेळ कुठे फळतो, याचे चांगले उदाहरण दक्षिण कोरियातील दूसान हेवी इंडस्ट्रीज (आताची दूसान एनर्बिलिटी) या कंपनीच्या पवनचक्क्यांचे आहे. तिथे बेंटली सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या साथीने ॲझ्युअर डिजिटल ट्विन्सवर उभारलेल्या प्रणालीत भौतिकशास्त्रावर आणि मशीन लर्निंगवर आधारलेली मॉडेल्स पवनचक्कीकडून अपेक्षित वीजनिर्मितीचा अंदाज देतात आणि प्रत्यक्ष आकडा त्याच्या शेजारी दिसतो. त्या दोहोंतली तफावतच बिघाडाकडे बोट दाखवते. हवामान सतत बदलते, यंत्रे दूरवर पसरलेली असतात आणि हा प्रश्न रोज नव्याने विचारावा लागतो, म्हणून तिथे हा खर्च शोभतो.

खर्चाचे स्वरूपही भिन्न आहे. एनीलॉजिकची शिकण्यासाठीची आवृत्ती विनामूल्य आहे. तिच्यात मॉडेलच्या आकारावर मर्यादा आहेत आणि व्यावसायिक कामासाठी ती वापरता येत नाही. व्यावसायिक परवाना महाग आहे, पण ज्या निर्णयासाठी मॉडेल केले तो झाला की ते काम संपते. ॲझ्युअरचे बिल ऑपरेशन्स, संदेश आणि क्वेरी युनिट्स यांवर येते, म्हणजे यंत्र चालू आहे तोवर ते येतच राहते. शिवाय यंत्र हलवले, सेन्सर बदलला, की कोणीतरी जाळे दुरुस्त करावे लागते. त्या माणसाचा पगार कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

नवी लाइन, नवे गोदाम किंवा मोठी यंत्रखरेदी समोर असलेल्या मध्यम कारखान्याने आधी एनीलॉजिक घ्यावे, असे मी निःसंकोच सुचवीन. ॲझ्युअरकडे वळावे ते पीएलसीची (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाची) माहिती भरवशाने मिळू लागल्यावर आणि तीच शंका दर शिफ्टला उभी राहत असेल तेव्हा. सिम्युलेशनसाठी जमवलेले सायकल टाइम, ब्रेकडाउनच्या नोंदी आणि कोणते यंत्र कोणाला माल देते याची यादी डीटीडीएलमधले प्रकार लिहिताना बरीचशी पुन्हा कामी येते.