दहावीच्या रसायन प्रयोगांची पेटी: काचसामान चोख, पण त्यातली कार्डं आधी बाजूला काढा

पेटी घेण्यासारखी आहे, पण नातवंडांच्या हातात देण्याआधी त्यातली रंगीत कार्डं काढून कपाटात ठेवा. माझी मुख्य तक्रार पेटीतल्या रसायनांपेक्षा त्या कार्डांबद्दलच आहे.

बडोद्यात रावपुऱ्यातल्या सायन्सच्या सामानाच्या दुकानातून घेतली, किंमत साडेसोळाशे. नववी-दहावीच्या अभ्यासक्रमातले प्रयोग घरी करता यावेत म्हणून काढलेली आहे. नात दहावीला. तिच्या वर्गात प्रयोग म्हणजे सर टेबलापाशी करणार आणि मुलं मागून माना उंचावून बघणार. जर्नल मात्र सगळ्यांचं सारखं पूर्ण! मी शाळेच्या रसायन प्रयोगशाळेत सहायक होते, नळ्या धुण्यात आणि द्रावणं करण्यात नोकरी गेली, त्यामुळे हे बघवेना.

आधी चांगलं सांगते. टेस्ट ट्यूब खऱ्या बोरोसिलिकेटच्या आहेत. साध्या काचेपेक्षा ही काच तापल्यावर जवळजवळ एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून चटकन तडकत नाही. स्वस्त पेट्यांमध्ये इथेच हात मारलेला असतो. चिमटा घट्ट, स्पिरिटच्या दिव्याची वात नीट, ड्रॉपरचं रबर मऊ. चष्मा दोनच, आणि तोही मोठ्या माणसाच्या मापाचा, हे तेवढं खटकलं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल पेटीत नाही, वेगळं घ्यावं लागतं. कोण वापरणार हे विचारल्याशिवाय दुकानदाराने ते दिलं नाही, हे मला आवडलं.

आता कार्डं. प्रत्येक प्रयोगाचं एक, आणि त्यावर शेवटी काय दिसणार त्याचा झकास फोटो. मग मुलं नळीकडे कशाला बघतील? फोटोकडे बघतात आणि लिहून मोकळी होतात. जर्नलात निरीक्षणाचा रकाना वेगळा आणि अनुमानाचा वेगळा का असतो, तेच या पेटीने पुसून टाकलंय.

मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात, खिळा टाकायचा प्रयोगच घ्या. फोटोत खिळ्यावर तांबूस थर, पाणी हिरवट. आमच्याकडे नात आणि शेजारचा गुजराती मुलगा दोघं बसले होते. खिळा बुडवला आणि थोड्याच वेळात मुलगा ओरडला, "बा, आ तो काळुं पडी गयुं!" खरंच, खिळ्यावर काळपट, भुसभुशीत थर धरला होता. नात म्हणाली, "आजी, कार्डावर तर तांबूस आहे, मी तांबूसच लिहू का?" मी म्हटलं, "दिसतंय ते लिही, कारण मागाहून शोधू."

कारण सोपं होतं. पेटीतले खिळे जस्ताचा मुलामा दिलेले, चकचकीत. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील, त्यामुळे मोरचुदाशी आधी तेच भिडतं, आणि इतक्या झपाट्याने सुटलेलं तांबं बारीक भुकटीसारखं बसतं, ते काळं दिसतं. दुसरा खिळा सँडपेपरने चांगला घासला, मुलामा गेला, मग तांबूस थर आला. पाण्याचं मात्र वीस मिनिटांत हिरवं वगैरे काही होत नाही. निळा रंग जरा फिका पडतो, आणि तेही शेजारी मूळ द्रावणाची नळी आणि न बुडवलेला खिळा ठेवला तरच कळतं. तुलनेची ही नळी कार्डावर नाहीच. कंपनीने साधे खिळे द्यायला हवेत हे खरं, पण क्रियाशीलतेची श्रेणी, म्हणजे कोणता धातू जास्त क्रियाशील तो क्रम, त्या चुकीच्या खिळ्यामुळे मुलांना जितकी कळली तितकी तक्त्यावरून कधी कळली नसती.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, तापवायच्या कार्डावर नुसतं 'हिरवा ते तपकिरी' असं लिहिलंय. मधलं सगळं गायब! नळी तापू लागली की आधी वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब धरतात. हिराकसच्या स्फटिकात पाण्याचे सात रेणू असतात, ते आधी बाहेर पडतात. मुलगा म्हणाला, नळीला घाम फुटला. मग स्फटिक पांढरट होतात, आणि त्यानंतर तांबूस-तपकिरी फेरिक ऑक्साइड उरतं, जळत्या गंधकासारखा वास येतो. वास हाताने वारा घालून घ्यायचा, नळीला नाक लावायचं नाही. नळी तिरपी, तोंड जरासं खाली आणि कोणाकडेही न रोखलेलं. थेंब परत तापल्या बुडाशी ओघळला तर बोरोसिलिकेटचीही खात्री नाही. यातलं एक अक्षर कार्डावर नाही. शिवाय आमच्या बाटलीतला हिराकस आधीच पिवळसर पडलेला होता, म्हणजे झाकण सैल असून हवा लागलेली. विकत घेताना बाटली उजेडात धरून बघा, फिकट हिरवा असेल तरच घ्या.

चुन्याची पुडीही अशीच जुनी निघाली. तिच्यावर आम्लाचा थेंब टाकला तर फसफसली, म्हणजे चुन्याचा खडू होऊन बसलेला. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणला, पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला आणि वरची निवळी काढली. त्यात नळीने फुंकलं की दुधाळ होते, कार्ड इथे संपतं. मुलगा फुंकतच राहिला आणि ती पुन्हा स्वच्छ झाली. त्याला वाटलं, बिघडलं. बिघडलं नव्हतं. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेटचं विद्राव्य बायकार्बोनेट होतं. तेच पाणी उकळलं की परत गढूळ. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तो याच क्रियेने. हे त्याला इतकं पटलं की घरी जाऊन गिझर खोलायचा म्हणत होता. त्याची आई मला बोलली असणार.

एक गोष्ट मात्र मला अजिबात मान्य नाही: पेटीत लेड नायट्रेट आहे. पोटॅशियम आयोडाइड घातलं की पिवळाधमक साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, पडतो, दिसतो सुंदर, आणि पाठ्यपुस्तकात तो प्रयोग आहेच. पण शिशाचे क्षार विषारी, शरीरात साठत जाणारे, आणि सूचना काय तर बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरात. वापरलेलं द्रावण टाकायचं कुठे, हे तर लिहिलेलंच नाही. घरात ते सरळ स्वयंपाकघरातल्या सिंकमध्येच जाणार! साका पडताना दाखवायचा तर कॅल्शियम क्लोराइड आणि धुण्याचा सोडा पुरे आहेत. साका पांढरा पडतो, फोटोत उठून दिसत नाही, एवढाच त्याचा दोष. मी ती बाटली न उघडता ओळखीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिली, त्यांच्याकडे अशा कचऱ्याचा वेगळा डबा असतो.

दांडिया बाजारातून राजमहाल रोडकडे जाताना कलाभवन ही जुनी तंत्रशिक्षणाची संस्था दिसली की वाईट वाटतं. सयाजीरावांनी ती १८९० साली काढली, आणि तिथले पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे पक्के रसायनवाले. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला चाफेकरांनी फासलेलं डांबर याच गज्जरांनी काढून दिलं. १९०७ साली अलेंबिक ही इथली रसायनं-औषधांची कंपनी उभी राहिली, त्यातही त्यांचा हात. अशा गावातल्या मुलांनी रंग फोटोवरून भरावेत?

दुकानदाराला खिळे, चुना आणि पिवळसर हिराकस दाखवले. त्याने वाद न घालता हिराकसची नवी बाटली दिली, बाकीचं कंपनीला कळवतो म्हणाला. मॅग्नेशियमची फीत आणि लिटमस सुटे मिळतात, पेटीतले लवकर संपतात, तेव्हा लगेच घेऊन ठेवा. फीत जाळण्याआधी सँडपेपरने घासा, आणि जळताना तिच्याकडे थेट बघू देऊ नका.