९ महिने वेळ ठरवून कुत्र्यांचं ग्रूमिंग केलं, त्याचा अनुभव (इंदूर)

जूनच्या शेवटी मी माझं सगळं बुकिंग वहीतून काढून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि गुगल कॅलेंडरवर आणलं, आता मार्च चालू आहे म्हणजे ९ महिने झाले. पावसाळा, गणपती, दिवाळी, थंडी, आता रंगपंचमी, उन्हाळा सोडून सगळे सीझन यात निघाले म्हणून आता लिहितेय, १५ दिवस वापरून लिहिण्यात काही अर्थ नव्हता. मी राजेंद्र नगरला घरीच खालच्या खोलीत डॉग ग्रूमिंग (कुत्र्यांची आंघोळ, केस, नखं) करते, एकटीच आहे, एक टेबल, एक टब, केस वाळवायचा एक ब्लोअर. तर हा अनुभव माझ्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्यांसाठी आहे, मोठं सलून आणि ४-५ मुलं हाताखाली असतील तर तुमचं गणित वेगळं असेल.

आधी हे का करावं लागलं ते सांगते.

मागच्या मे महिन्यात एका दिवशी साडेसातला एक शित्झू (लांब केसांची छोटी जात) होती आणि साडेनऊला ब्रुनो. ब्रुनो म्हणजे १२ वर्षांचा लॅब (लॅब्राडोर), मागचे पाय दुखतात, म्हणून त्याच्या घरचे काका मुद्दाम सकाळची वेळ घेतात. शित्झूवाले आले ८ वाजून २५ मिनिटांनी. साडेसातला फोन केला तर 'बस निकल ही रहे हैं दीदी', आठला केला तर तेच. आणि आल्यावर कळलं की कानामागे आणि काखेत गुंता इतका की बोट जाईना. आता गुंता असलेलं कुत्रं तसंच आंघोळीला घेता येत नाही, पाणी लागलं की तो आणखी आवळतो, आधी सोडवावं लागतं. मला तेव्हाच 'आज नाही होणार' म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. ती संपली पावणेअकराला आणि ब्रुनो सव्वानऊपासून बाहेर ओट्यावर बसलेला. इंदूरचा मे, अकराला काय ऊन असतं ते इथल्यांना सांगायला नको.

आंघोळ झाली, ब्लोअर लावला. लॅबची आतली लोकर फार दाट असते, वरून कोरडं दिसलं तरी कातडीजवळ ओलंच असतं, त्यामुळे ब्लोअरला वेळ लागतोच. १५-२० मिनिटांनी त्याचे मागचे पाय थरथरायला लागले आणि जीभ पूर्ण बाहेर, कडा गडद लाल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्याचा सगळा भरवसा त्या धापा टाकण्यावर. लगेच बंद केलं, खाली ओल्या फरशीवर बसवला, कूलर तोंडासमोर, ताप बघितला तर १०३.४. कुत्र्याचा नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या मधे असतो. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं पोटाला आणि पंजांना पाणी लावत राहिले, अर्ध्या तासात खाली आला. ब्रुनो अर्धवट वाळलेला घरी गेला. काका एक शब्द बोलले नाहीत, उलट 'उन्हाचं आहे गं ते' म्हणाले. पण ते उन्हाचं नव्हतं. ती ओट्यावरच्या दीड तासाची गोष्ट होती आणि ती मी होऊ दिली होती.

लोकांना वाटतं उशीर झाला की ग्रूमरचा वेळ जातो, म्हणून ती चिडते. माझा वेळ जातो हे खरंच आहे, पैसेही जातात, पण खरा भोगतो तो पुढचा कुत्रा. त्याची काहीच चूक नसते आणि तो तुम्हाला कधी दिसतही नाही.

त्यानंतर आधी एक पैसे देऊन घ्यायचं बुकिंगचं अ‍ॅप घेऊन बघितलं, नाव नाही लिहीत, दीड महिन्यात बंद केलं. त्यात क्लायंट स्वतःच स्लॉट निवडायचे आणि स्लॉट सगळे एका तासाचे. एका तासात पग होतो, गोल्डन रिट्रीव्हर कसा होणार? गोल्डनची आंघोळ, लोकर काढणं, वाळवणं, नखं, कान मिळून मला अडीच तास लागतात. शित्झूचं पूर्ण ग्रूमिंग २ तास. लॅबची नुसती आंघोळ सव्वा तास. पिल्लाची पहिली वेळ असेल तर ४० मिनिटांच्या वर टेबलावर ठेवतच नाही, त्या दिवशी फक्त त्याला ब्लोअरचा आवाज आणि नखांची कात्री याची ओळख करून द्यायची असते, काम कमीच. हे सगळं त्या अ‍ॅपमध्ये कुठे घालणार, म्हणून सोडलं.

आता जे करते ते साधं आहे आणि फुकट आहे. बुकिंगचा मेसेज आला की मी आधी ३ फोटो मागते: पूर्ण अंग, कानामागे केस बाजूला करून, आणि पुढच्या पायाची काख. क्विक रिप्लायमध्ये हा मेसेज ठेवलाय, स्लॅश दाबलं की येतो. ९ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर या फोटोंचा. 'थोडेसे गुंतलेत' म्हणजे काय हे प्रत्येकाच्या घरी वेगळं असतं, आणि ते थोडेसे माझ्या टेबलावर पाऊण तास खातात. फोटो बघून मी वेळ ठरवते, मग ३०० रुपये अ‍ॅडव्हान्स आला की कॅलेंडरवर टाकते. दिवसाला ४ कुत्रे, पाचवा नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी ६ ला आठवण, सकाळी एकदा 'निघालात की सांगा', आणि १५ मिनिटांची सूट. त्याच्या पुढे गेलं तर पूर्ण ग्रूमिंग होत नाही, उरलेल्या वेळात आंघोळ आणि नखं होतील तेवढी, नाहीतर दुसरा दिवस.

दोन कुत्र्यांमध्ये २० मिनिटं मोकळी ठेवते, त्यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात. 'कोणीच नाही तर आत्ताच घ्या ना.' अहो, त्या २० मिनिटांत मी केस झाडते, टब आणि टेबल धुते, मग ब्लीचचं पाणी मारते आणि ते १० मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं तेव्हा ते काम करतं, फवारून लगेच पुसलं तर फक्त वास येतो. पार्व्होचा (पिल्लांना होणारा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा आजार) विषाणू महिनोनमहिने टिकून राहतो, साध्या साबणाने जात नाही, आणि माझ्याकडे पिल्लं येतात. पूर्वी कोणी उशिरा आलं की मी पहिली कात्री याच १० मिनिटांना लावायची. आता नाही लावत.

आणि केस कापायच्या मशीनच्या ब्लेडचं. १० नंबरचं ब्लेड सलग चालवलं की तापतं, मध्येमध्ये मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचं, गरम लागलं की बदलायचं किंवा थंड होऊ द्यायचं. मोजून २ मिनिटांचं काम आहे. पण पुढचा कुत्रा दारात असेल आणि त्याचे मालक घड्याळ बघत असतील तर हात ती २ मिनिटं घेत नाही, पुढेच जातो. मग पोटाच्या पातळ कातडीवर लाल पट्टा उठतो, घरी जाऊन कुत्रं चाटत बसतं आणि तिसऱ्या दिवशी जखम. माझ्याकडून एकदा झालंय, घाईच्याच दिवशी.

एक गोष्ट मला स्वतःलाच हे सुरू केल्यावर समजली, की लवकर येणंही तितकंच त्रासाचं आहे. लोकांना वाटतं अर्धा तास आधी आलो म्हणजे चांगलंच केलं. ऑगस्टमध्ये एका शित्झूचा चेहरा करत होते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातले केस असतात ना, तिथे वाकडी कात्री, टोकं नेहमी डोळ्यापासून उलट दिशेला, डाव्या हाताने हनुवटी धरलेली, मी श्वाससुद्धा हळू घेते तेव्हा. आणि बेल वाजली, बाहेरून पुढचा बीगल भुंकला. तिने मान झटकन वळवली. कात्री बंद होती म्हणून वाचलो, अंगठा सैल ठेवायची सवय होती म्हणून. त्याच दिवशी बेल काढली. आता पाटी आहे, 'बेल नाही, आल्यावर मेसेज करा, गाडीत बसा', आणि वेळेच्या ५ मिनिटं आधीच गेट उघडते. गाडी नसेल तर समोरच्या कडुलिंबाखाली बाक ठेवलाय. उन्हाळ्यात गाडीत बसायचं तर एसी चालू ठेवून आणि कुत्र्यासोबत माणूस हवाच, हे मेसेजमध्ये वेगळं लिहिलंय.

घ्यायला उशिरा येणारे हा तिसरा प्रकार. काम झालं, कुत्रं तयार, आणि घरचे 'छप्पनला (इथली खाण्याची छप्पन दुकानं) आलो होतो, अर्ध्या तासात येतो'. तो अर्धा तास ते कुत्रं दाराकडे बघत उभं असतं, पलीकडे दुसऱ्याचा ब्लोअर गर्जत असतो, लघवी अडवून ठेवलेली असते, आणि पुढच्या वेळी ते माझ्या गेटवरच पाय रोवून बसतं. मग घरचे म्हणतात आमच्याला ग्रूमिंगची भीती वाटते. अहो ग्रूमिंगची नाही, तुम्ही येत नाही याची वाटते. यासाठी काम संपायच्या २० मिनिटं आधी 'निघा' असा मेसेज जातो. विजय नगरवाल्यांना ४५ मिनिटं आधी, कारण चोइथराम चौराह्यापर्यंत संध्याकाळी ट्रॅफिकचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

माझी बाजूही यात बांधली गेली, ते बरं झालं. मी १२ ची वेळ दिली तर १२ ला कुत्रं कोरडं, विंचरलेलं तयार पाहिजे. वाढणार असेल तर साडेअकरालाच कळवते. सुरुवातीला महिन्यात २-३ दा माझाच अंदाज चुकला, विशेषतः गोल्डनच्या बाबतीत, तेव्हा पुढच्या माणसाला लगेच फोन करून सांगितलं आणि नखांचे पैसे घेतले नाहीत.

आता काय जमलं नाही ते. वयस्कर लोक मेसेज बघत नाहीत, निळी खूण येतच नाही, त्यांना ६ वाजता फोनच करावा लागतो, मग रोज २-३ फोन आहेतच. लेबलं मी आधी डझनभर केली होती, 'भित्रा', 'चावतो', 'म्हातारा', 'लसीचं कार्ड बाकी', वगैरे, त्यातली ४ च वापरात राहिली. एकगठ्ठा ब्रॉडकास्ट मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, हे मला दिवाळीच्या सुट्टीचा मेसेज पाठवल्यावर कळलं, दोघी सुट्टीच्या दिवशी गेटवर. आणि ओल्या हातांनी फोन उचलता येत नाही, हे कुठल्याच अ‍ॅपने सुटणार नाही. काम चालू असताना ऑटो रिप्लाय जातो की 'आत्ता टेबलावर कुत्रा आहे, १ ते २ मध्ये उत्तर देईन'. एका काकूंना तो फार तुटक वाटला, त्यांनी तसं सांगितलं, मग 'नमस्कार' घातलं आणि कुत्र्याला एकटं का सोडता येत नाही ते एका ओळीत लिहिलं. पट्टा गळ्यात अडकवलेलं कुत्रं टेबलावर सोडून फोन घ्यायला गेलं आणि त्याने उडी मारली तर काय होईल, हे लोकांना सांगितलं की कोणी रागावत नाही.

अ‍ॅडव्हान्सवरून ४-५ घरं तुटली, खोटं कशाला बोलू. दोघं परत आली. आधी महिन्यात ८-१० वेळा तरी कोणीतरी अर्ध्या तासाच्या वर उशीर करायचं, आता जानेवारीत दोनदा झालं, फेब्रुवारीत एकदा, तेही लग्नाच्या वरातीत अडकले होते आणि निघतानाच फोन आला होता. वेळ घेऊन न कळवता न येणारे जवळजवळ संपलेच.

रंगपंचमीची खरी परीक्षा होती. गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याकडचा भाग तर विसराच, त्या दिवशी मी ठेवतच नाही काही, पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून रंगलेले कुत्रे. पूर्वी सगळे एकदम गेटवर यायचे आणि मी सकाळी ७ ते रात्री ९. या वर्षी फोटो मागवले. ज्यांच्यावर कोरडा गुलाल होता त्यांना सांगितलं घरीच मऊ ब्रशने झाडा, चाटू देऊ नका, परवा या. पक्का रंग लागलेला एक पांढरा स्पिट्झ सगळ्यात आधी घेतला कारण त्याने पंजे चाटायला सुरुवात केली होती. ४ च कुत्रे केले त्या दिवशी, आणि दुपारी अडीचला बसून जेवले.

ब्रुनो नोव्हेंबरमध्ये आला होता, मग फेब्रुवारीत. त्याला आता मी दोन भागांत करते, मधे १५ मिनिटं गादीवर झोपू देते, ती वेळ कॅलेंडरमध्येच धरलेली असते म्हणून कोणाला घाई नसते. काका तिथेच पोह्यांचा डबा उघडून बसतात आणि तो डोळे मिटून वासावर असतो. एप्रिलपासून पहिला स्लॉट साडेसहाचा करतेय, १५ जूनपर्यंत. त्यात लॅब, पग, आणि १० वर्षांच्या वरचे, एवढेच. ५ एप्रिलला ब्रुनोचं नाव टाकलंय.