गॅलरीत फुलझाडं लावू की भाजी?

मावसबहिणीने बाणेरला फ्लॅट घेतला आणि तेव्हापासून तिचा एकच प्रश्न, "ताई, गॅलरीत नुसती फुलझाडं लावू का भाजी पण जमेल?" फोनवर चार वेळा सांगून झालं पण प्रत्येक वेळी काहीतरी राहतंच, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते. आमच्याकडे कोथरूडला चौथ्या मजल्यावर दोन गॅलऱ्या आहेत, एक दक्षिणेला नि एक उत्तरेला, आणि सहा वर्षांत दोन्हीकडे दोन्ही प्रकार करून बघितलेत.

पुण्याची हवा झाडांना मानवते, थंडीत रात्री पारा १० च्या आसपास आला तरी झाडं काही गारठून मरत नाहीत, आणि एप्रिल-मे सोडला तर उन्हाचाही फार जाच नाही. त्यामुळे लोकांना वाटतं काहीही लावलं की येईल. पण गॅलरीत ऊन एकाच बाजूने येतं ना, सगळं तिथेच ठरतं. दक्षिणेच्या गॅलरीची गंमत अशी की थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो म्हणून ऊन पार आतल्या फरशीपर्यंत येतं, आणि साधारण मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत तो दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो तेव्हा तिथे ऊन जवळजवळ नसतंच. उत्तरेला बरोबर उलटं. आता गॅलरीतल्या भाजीचा खरा सीझन ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे दक्षिणेची गॅलरी असेल तर ऊन आणि सीझन आपोआप जुळतात. उत्तरेची असेल तर टोमॅटोचा नाद सोडाच, मी पहिल्या वर्षी तिथे लावला होता, छातीएवढा वाढला, हिरवागार, आणि टोमॅटो आले तीन.

ढोबळ हिशोब सांगायचा तर टोमॅटो, वांगी, मिरचीला रोज ६ तास ऊन हवंच, मेथी-कोथिंबीर-पालक ३-४ तासांवर भागवतात, आणि मनी प्लँट, स्नेक प्लँट, पीस लिली यांना नुसता उजेड पुरतो. पण फुलझाडं म्हणजे सगळी सावलीतली असं समजू नका हां, मोगरा, गुलाब, जास्वंद, शेवंती हे सगळे उन्हाचेच गडी. सावलीत जास्वंद जगते पण फुलत नाही, मग नुसती पानं बघत बसा.

पैसे वाचतील म्हणून भाजी लावणार असाल तर विसरा. दोन फुटी ट्रेमध्ये मेथी लावली (डब्यातले मेथीदाणेच पेरायचे, वेगळं बी लागत नाही), २५-३० दिवसांनी काढली, तर आम्हा तिघांना एकदाची भाजी झाली, त्यात कोकोपीट (मातीत मिसळायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) नि गांडूळखताचा खर्च धरला तर हसू येईल. पण जे चिमटीने लागतं ते मात्र परवडतं. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, मिरची. फोडणी तडतडत असताना हात बाहेर काढून सहा पानं तोडली की झालं, आणि फ्रीजमध्ये काळा पडणारा कढीपत्ता कायमचा बंद. फक्त पहिलं दीड-दोन वर्ष तो फार हळू वाढतो, त्याला ओरबाडू नका. पुदिना तर बाजारातल्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की लावायचा. कोथिंबिरीचे धने रगडून दोन तुकडे करून पेरायचे, आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, धीर धरा, माती उकरून बघू नका (मी बघते).

फुलझाडांचा खर्च वेगळ्या प्रकारे होतो, मोहात पडून. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलं की पिटुनिया डोळ्यात भरतात, घेतल्याशिवाय राहवत नाही, आणि ऊन तापायला लागलं की सगळे गेले. दरवर्षी ठरवते नाही घ्यायचे. त्यापेक्षा मोगरा घ्या, जानेवारी-फेब्रुवारीत छाटला की उन्हाळाभर फुलतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

कीड दोन्हीकडे आहे, जास्वंदीवर तो पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आणि त्याच्यामागे मुंग्या, मिरचीवर चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळतात. पण फरक असा की जास्वंदीवर एखाद वेळी दुकानातलं औषध मारलं तरी चालून जातं, मिरची मात्र पोटात जाणार, तिथे कडुनिंबाचं तेल (लिटरला ५ मिली आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी फवारायचं) एवढंच मी वापरते. म्हणूनच एकाच कुंडीत दोन्ही लावू नका. आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर डिफेनबेकिया आणि कण्हेर आणूच नका, दोन्ही विषारी आहेत.

गावाला जाणं हा खरा घोळ. मेमध्ये चार दिवस कुलूप लावून गेलो, परत आलो तर पालक वाळून पापड, आणि स्नेक प्लँट जसा होता तसा, त्याला बहुतेक आम्ही गेलेलं कळलंच नाही. तुमची नोकरी फिरतीची असेल तर भाजीच्या भानगडीत पडू नका, सरळ शोभेची झाडं लावा.

आता बहिणीचं. तिची गॅलरी पश्चिमेला, म्हणजे दुपारचं कडक ऊन, ते मोगरा, बोगनवेल, जास्वंद, मिरची यांना चालेल, पालेभाजीला उन्हाळ्यात हिरवी नेट लागेल. मी तिला सुरुवातीला सहाच कुंड्या सांगितल्यात, १२ इंची, जास्त नाही, ओली माती भरलेली एक कुंडी हलवताना कंबर बोलते. दोन मोगरे, एक जास्वंद, एक कढीपत्ता, एक मिरची, एक गवती चहा. मेथी थंडीत. आणि या सगळ्याच्या आधी कबुतरांची जाळी बसवून घे म्हटलं, कारण माझी पहिली मेथी कोवळी असताना एका सकाळी त्यांनी साफ केली होती, एक पान ठेवलं नाही, वर रिकाम्या ट्रेमध्ये काड्या आणून घरटं सुरू केलं.