पॉइंट टू-टूवरचा स्वस्तातला स्कोप: पावसाळ्यासकट नऊ महिने

मागच्या मे महिन्यात मी माझ्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलवर ३-९×४० चा स्कोप, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारी आणि ४० मिलिमीटरच्या पुढच्या काचेची नेमाची दुर्बीण, बसवला. तो पकडून ठेवणाऱ्या रिंगा धरून साडेअकरा हजार रुपये गेले. तेव्हापासून बहुतेक रविवारी सकाळी वरळीच्या रेंजवर ५० मीटरवर तो वापरतेय. वहीत १,८०० च्या आसपास राउंडची (झाडलेल्या गोळ्यांची) नोंद झाली आहे, त्यामुळे आता काही ठामपणे लिहिता येईल.

स्पर्धेत चालत नाही तो स्कोप कशाला, असं रेंजवर बरेच जण विचारतात. खरं आहे, ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत स्कोपला परवानगीच नाही. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) ब्राँझ मिळवलं ते पीप साइटवरच, म्हणजे बारीक भोकातून नेम धरूनच. पण मी कॉलेजात एनसीसीत बंदूक धरली आणि मग वीस वर्षांनी परत सुरुवात केली. ट्रिगर दाबताना आपण नक्की कुठे हलतो हे मला पीपमधून कळतच नव्हतं. स्कोपमधून पहिल्याच दिवशी दिसलं. गोळी सुटायच्या क्षणी क्रॉस, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, दर वेळी उजवीकडे खाली झुकत होता. बोट ट्रिगरवर जास्त आत जात होतं. दोन महिने तेवढ्या एकाच गोष्टीवर काम केलं.

हा माझा दुसरा स्कोप. पहिला घेताना मी मोठ्या आकड्याला भुलले होते. मुंबईतल्याच एका दुकानातून ६-२४×५० उचलला, कारण २४ पट म्हणजे जास्त चांगलं असं वाटलं. त्याचा पॅरलॅक्स १०० यार्डांवर पक्का केलेला होता, म्हणजे डोळा हलला तरी क्रॉस टार्गेटवर स्थिर दिसणार तो फक्त त्या अंतरावर, आणि ते मला दुकानात कुणी सांगितलं नाही. टॅक्सीत मागे बसून स्पीडोमीटर पाहिला की काटा भलत्याच आकड्यावर दिसतो ना, तसंच इथे होतं. रायफल जागच्या जागी असते, पण गाल जरा सरकला की क्रॉस टार्गेटवरून सरकतो. ४० मिलिमीटरची पुढची काच आणि १०० यार्डांचा पॅरलॅक्स धरला, तरी ५० मीटरवर डोळा अगदी कडेला गेल्यास ही चूक ९ मिलिमीटरच्या घरात जाते. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. म्हणजे शॉट निर्दोष असूनही दहा हातचा जातो. माझ्या स्कोपची काच तर ५० ची होती, तिथे चूक आणखी मोठी. मी मात्र महिनोन्महिने स्वतःच्या श्वासाला दोष देत बसले.

म्हणून या वेळी एकच अट धरली: पुढच्या काचेभोवती पॅरलॅक्सची फिरती रिंग हवी. रिमफायरसाठी (पॉइंट टू-टूसारख्या छोट्या काडतुसांच्या रायफलींसाठी) म्हणून ५० यार्डांवर पक्के केलेले स्कोपही मिळतात आणि ते स्वस्तही पडतात. फक्त ५० मीटरवरच मारणार असाल तर तेही पुरतात. मला घरच्या १० मीटरच्या एअर रायफलवरही हाच लावायचा होता. ती स्प्रिंगची नाही, नाहीतर तिच्या उलटसुलट धक्क्याने साधा स्कोप खिळखिळा होतो. या रिंगेवरचे आकडे यार्डांत आहेत, त्यामुळे ५० मीटरची जागा ५० च्या थोडी पुढे येते. मी रायफल सँडबॅगवर ठेवली, हात न लावता डोकं वरखाली केलं, आणि क्रॉस जिथे हलायचा थांबला तिथे पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला.

टरेटबद्दल, म्हणजे नेम सरकवायच्या फिरत्या बटणांबद्दल, स्वस्त स्कोपांवर माझा विश्वास नव्हता. एक क्लिक पाव मिनिटाचं (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग), म्हणजे ५० मीटरवर साधारण ३.६ मिलिमीटर. तपासायला मी टार्गेटवर चौकोन मारला: २० क्लिक उजवीकडे, २० वर, २० डावीकडे, २० खाली, आणि प्रत्येक कोपऱ्यावर पाच राउंड. बाजू ७३ मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. माझ्या ७० ते ७४ आल्या आणि शेवटचा ग्रुप (पाच राउंडचा पुंजका) पहिल्यावरच बसला. या किमतीत मी खूश आहे. क्लिक मात्र मऊ आहेत, हाताला जाणवण्यापेक्षा मोजूनच फिरवावे लागतात.

खटकलेली गोष्ट क्रॉसची. तो काळा, आणि ५० मीटरच्या टार्गेटचा मधला भागही काळा. एकात एक मिसळून जातात. आता स्कोपच्या दिवशी मी पांढऱ्या कागदावर नुसत्या रेघेचा चौकोन छापून नेते. ९ पटीच्या वर जायची गरज एकदाही पडली नाही. उलट एप्रिल-मेच्या उन्हात जास्त पटीवर हवाच पाण्यासारखी वाहताना दिसते. गालाची जागा पीपपेक्षा उंच लागते, म्हणून कुंद्यावर फोमची पट्टी चिकटवली. रिंगांचे स्क्रू एकदम कसू नका, आळीपाळीने थोडे थोडे आवळा. माझ्या स्कोपच्या नळीवर पहिल्या वेळची खूण अजून आहे.

आणि मुंबईची हवा! पहिल्या स्कोपच्या आतल्या काचेवर जुलै-ऑगस्टमध्ये बुरशीची जाळी धरली, तो तसाच बाद झाला. हा आत ओल धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेला आहे, पण तेवढ्यावर मी विसंबले नाही. काढून ठेवला तर झिरो (जुळवून ठेवलेला नेम) जातो, म्हणून रायफलवरच राहू दिला आणि लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तव्यात गरम करून परत आत. ओल्या दिवशी रेंजवरून आल्यावर दोन तास पंख्याखाली, आणि मगच कपाट बंद. गेल्या रविवारी एका टोकाने टॉर्च मारून दुसऱ्या टोकाने पाहिलं: धुळीचे दोन कण, जाळं कुठेच नाही.